खाज आणि वेदना मोजायची कशी?

मे महिन्यात चेन्नईत ‘कत्तिरी’चं, म्हणजे ऐन उन्हाळ्याचं कडक ऊन सुरू झालं की दमट हवेत घाम वाळतच नाही. जांघेत, कमरेशी नायटा पसरतो, अंगभर घामोळं उठतं, इसब असलेल्यांचा त्रास वाढतो. यातली बरीचशी खाज ऋतू पालटला की ओसरते. पण सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेला डॉक्टर जुनाट म्हणतात. वेदनेसाठी ही मर्यादा तीन महिन्यांची आहे. ‘खाजेनं कोणी मरत नाही’ असं म्हणून घरचे तिकडे दुर्लक्ष करतात. ते का करू नये, हे कळण्यासाठी आधी शरीरात काय घडतं ते पाहू.

त्वचेतल्या बारीक चेतातंतूंकडून संदेश मज्जारज्जूत जातो आणि तिथून मेंदूकडे. खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असा समज बराच काळ होता. 2007 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे झोउ-फेंग चेन यांच्या गटाने उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेशी निगडित एक जनुक दाखवून दिलं. ते निकामी केल्यावर खाजवणं कमी झालं, वेदनेची जाणीव मात्र शाबूत राहिली.

तरीही दोघींचं नातं घट्ट आहे. खाजवल्यावर किंचित दुखतं, आणि ते दुखणं मज्जारज्जूत खाजेचा संदेश दाबतं. म्हणून क्षणभर बरं वाटतं. पण नखांनी त्वचेचा संरक्षक थर फाटतो, दाह वाढतो आणि खाज दुप्पट जोराने परतते. महिनोन्महिने असं चाललं की कातडी जाड, काळपट, खरखरीत होते. रात्री त्वचा गरम होते, तिच्यातला ओलावा उडतो, शरीरातलं दाह आवरणारं कॉर्टिसोल कमी झालेलं असतं आणि मन गुंतवायला दुसरं काही नसतं. म्हणून दिवसा सोसवणारी खाज रात्री झोप उडवते.

त्वचा स्वच्छ दिसत असूनही खाज असू शकते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ती फार छळते. अशा रुग्णांना ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांचा सहसा फारसा उपयोग होत नाही; चेतातंतूंवर काम करणारं गॅबापेंटिनसारखं औषध, तेही बेताच्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधिक उपयोगी पडतं.

आता वेदनेविषयी. तिचं मोल वेल्लोरला कळलं. चेन्नईहून काही तासांवरच्या तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की कुष्ठरुग्णांची बोटं झडण्यामागे बधिरपणा असतो: दुखत नाही म्हणून जखम कळत नाही. दुखणं ही धोक्याची घंटाच. जुनाट वेदनेत मात्र जखम भरली तरी ती वाजत राहते, कारण मज्जारज्जू आणि मेंदू अतिसंवेदनशील झालेले असतात. मग साधा स्पर्शही झोंबतो.

त्वचेच्या आजाराचा आयुष्यावर किती भार पडतो, हे मोजायला कार्डिफच्या फिन्ले आणि खान या संशोधकांनी 1994 मध्ये दहा प्रश्नांची यादी तयार केली. प्रश्न सरलेल्या आठवड्याविषयी असतात: त्वचा किती खाजली, दुखली? लाज वाटली का? बाजारहाट, कपड्यांची निवड, काम किंवा अभ्यास, जोडीदाराशी नातं यांत अडचण आली का? उपचारात किती वेळ गेला? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 30. बेरीज 10 च्या वर गेली, तर त्रास फार मोठा मानतात. चट्टा तळहाताएवढाच असला तरी बेरीज 15 येऊ शकते. पण या यादीत झोपेवर वेगळा प्रश्न नाही. म्हणून झोप लागते की नाही, हे रुग्णाने आपण होऊन सांगायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची नोंद न्या: रोजची खाज किंवा वेदना 0 ते 10 मध्ये किती, रात्री किती वेळा जाग आली, कोणतं काम सोडावं लागलं. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेलं स्टिरॉइडचं मलम नायट्यावर लावू नका. खाज दोन दिवस थांबते, पण नायट्याची बुरशी पसरत राहते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वेदनाशामक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घरच्यांनी ‘खाजवू नकोस’ एवढंच म्हणून थांबू नये. रात्री झोप लागली का, हे विचारावं. उपचार पुरेसा आहे की बदलायला हवा, हे ठरवताना डॉक्टरांना या उत्तराचीही मदत होते.