हिऱ्याच्या शेतातली निंदणी

सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत शिरलं की आधी लूमची खटखट ऐकू येते, मग अहिराणी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेली ही माणसं लूमवर आणि डाइंग मिलमध्ये लागली. हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर, बहुतेक सौराष्ट्रातले. त्याच सुरतेत आता हिरा नुसता घासत नाहीत, उगवतातही. तो उगवणारा सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन) रिअॅक्टर मला या शहरातलं सगळ्यात विलक्षण यंत्र वाटतं.

आत हिऱ्याच्या पातळ चौकोनी चकत्या मांडलेल्या असतात. धंद्यात त्यांना सीड म्हणतात. हवा उपसून टाकायची, मग हायड्रोजन आणि त्यात थोडासा मिथेन सोडायचा. वरून मायक्रोवेव्ह, बहुधा २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे घरच्या ओव्हनच्याच जातीच्या. ताकद मात्र कितीतरी पट. जाड काचेतून पाहिलं तर चकत्यांवर जांभळट उजेडाचा गोळा तरंगताना दिसतो. त्याच्याखाली, नऊशे अंशांच्या आसपास, कार्बनचे अणू एकेक करून चकतीला चिकटत असतात. वाढ तासाला काही मायक्रॉन, त्यामुळे एका खड्याला आठवडे लागतात.

एवढ्या कमी दाबाला कार्बनचा ओढा ग्राफाइटकडे असतो. तिथे हायड्रोजनचे सुटे अणू कामाला येतात. ते ग्राफाइट हिऱ्यापेक्षा फार वेगाने कुरतडून नेतात. कपाशीत तण उपटत राहावं तशी ही निंदणी अखंड चालते, म्हणून हिऱ्याचं पीक टिकतं.

हाच मिथेन हजारेक अंशांना तापलेल्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर सोडला की ग्राफीन मिळतं, एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर. गाईम आणि नोवोसेलोव या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मँचेस्टरला तो ग्राफाइटवरून चिकटपट्टीने सोलून काढला होता. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खाली काय अंथरलंय, दाब किती, हायड्रोजन किती, यावर कार्बन काय होणार ते ठरतं.

लूमवर धागा तुटला तर गाठ मारून पुढे जाता येतं. इथे वीज गेली, गोळा विझला, की पुन्हा पेटवल्यावर त्या जागी थराची रेघ उरू शकते. कुठून हवा गळून आत आली, तर तिच्यातला नायट्रोजन खड्याला तपकिरी झाक देतो. म्हणून ऑपरेटरची नजर रात्रपाळीतही दाबाच्या आकड्यावर असते. या कामाला घासणाऱ्याच्या हाताइतकाच मान मिळायला हवा.

२०२३ च्या अर्थसंकल्पात सीडवरचं सीमाशुल्क काढलं, आणि आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पाच वर्षांत सुमारे २४२ कोटी रुपये मिळायचं ठरलं. मला यातली मोठी आशा दागिन्याबाहेर दिसते: हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो, आणि तापणाऱ्या चिपला नेमकं तेच हवं असतं.

रिअॅक्टर उघडल्यावर मात्र चमक दिसत नाही. हातात येतो तो काळ्या, खडबडीत कडेचा चौकोनी तुकडा. निंदणीतून निसटलेला कार्बन तिथे साचलेला असतो. ती कड लेसरने कापली की आतला स्वच्छ हिरा घंटीवर जातो.