सोंगटी की सोंग?

१९७४ च्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून एक खोके विक्रीस आले. आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर आणि प्रती अवघ्या एक हजार. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि कर्ते गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन. आज या खेळाला आणि त्यातून जन्मलेल्या असंख्य खेळांना ‘रोलप्लेइंग’चे, म्हणजे सोंग वठवण्याचे खेळ म्हटले जाते. परंतु त्या पहिल्या खोक्यावरील लांबलचक उपशीर्षकात हा शब्दच नव्हता. उल्लेख होता तो मध्ययुगीन धाटणीच्या काल्पनिक युद्धखेळांचा, आणि कागद, पेन्सिल व सोंगट्यांचा.

ज्या घरांत तरुण मुले सुट्टीच्या दिवशी टेबलाभोवती बसून तासन्‌तास हा खेळ खेळतात, तेथील वडीलधाऱ्यांना तो बहुधा गूढ वाटतो. पट असलाच तर नाममात्र. एक जण संचालक होऊन प्रसंग वर्णन करतो: पडका किल्ला, बंद दार, आतून येणारा आवाज. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, आणि आपले पात्र काय करील ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकायचा, तोही पुष्कळदा वीस बाजूंचा. या खेळाचे नियम शेकडो पृष्ठांचे असतात, आणि त्यांवरून खेळाडूंत एक जुना वाद आहे. हे नियम मुलाला दुसऱ्याच्या कातडीत शिरायला लावतात, की उलट हिशेब करायला शिकवून सोंग विसरायला लावतात?

सोंगाचा उगम मात्र नियमांच्या पुस्तकात नव्हता. १९६९ मध्ये मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एक युद्धखेळ रचला. प्रशियातील ‘ब्राउनस्टाइन’ या काल्पनिक गावावर दोन सैन्ये चालून येणार होती. वेस्लीने जास्तीच्या खेळाडूंना गावातील माणसे वाटून दिली: नगराध्यक्ष, विद्यापीठाचा कुलगुरू, बँकर. सैन्ये एकमेकांना भिडण्याआधीच ही मंडळी कोपऱ्यात जाऊन कारस्थाने करू लागली. दोघांनी तर येऊन सांगितले की आम्ही एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले आहे. द्वंद्वाचा नियमच नव्हता. वेस्लीला तो जागच्या जागी बनवावा लागला. प्रयोग पार फसला असे त्याला वाटले, परंतु खेळाडूंनी पुन्हा खेळण्याचा हट्ट धरला. त्या मंडळींत आर्नेसन होता.

म्हणजे जेथे नियम संपले तेथे सोंग सुरू झाले. नियम कमी तितके नाट्य अधिक, असे मानणारा पक्ष आजही याच आठवणीचा आधार घेतो. पण १९७४ च्या पुस्तिकांत जे नियम आले, त्यांनी खेळाडूंच्या वर्तनाला कसे वळण दिले, हेही पाहावे लागेल.

तेथे पात्राची प्रगती अनुभवगुणांनी मोजली जाई. राक्षस मारल्याचे गुण मिळत आणि किल्ल्यातून आणलेल्या सोन्याचेही मिळत. एका नाण्याला एक गुण. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी २,००० गुण लागत. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने राक्षसवधाचे गुण बरेच घटवले, तेव्हा सोने हाच उन्नतीचा मुख्य मार्ग उरला. परिणाम काहीसा अनपेक्षित होता. लढणे महाग आणि लुटणे स्वस्त झाल्यामुळे खेळाडू सावध, धूर्त आणि वाटाघाटीत तरबेज झाले. पण खतावणीत नोंद होई ती फक्त नाण्यांची. ते सोने आणणारा सज्जन आहे की ठक, याचा रकाना नव्हता.

ही उणीव गायगॅक्सच्याही ध्यानात आली असावी. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संचालकाच्या ग्रंथात त्याने मोठा मासलेवाईक उपाय योजला. पुरेसे गुण झाले तरी पुढील पातळीसाठी पात्राने गुरूकडे शिक्षण घ्यायचे. किती आठवडे, ते संचालकाने दिलेल्या शेऱ्यावर ठरे. आपल्या भूमिकेला साजेसे वागणाऱ्यास एक आठवडा, अगदीच विसंगत वागणाऱ्यास चार. शुल्क दर आठवड्यास पातळीच्या १,५०० पट नाणी. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचा हिशेब मांडून पाहावा. जेमतेम २,००० नाणी जमवून तो गुरूच्या दारी येतो. उत्तम शेरा असेल तर १,५०० देऊन मोकळा. वाईट शेरा असेल तर ६,००० ची मागणी. बिचारा पुन्हा किल्ल्याकडे, आणि तेही पातळी न वाढता!

सोंग नीट न वठवल्याबद्दल याहून कडक दंड क्वचितच कोणी लावला असेल. तरी त्यात एक दोष राहिलाच. ‘भूमिका’ म्हणजे तेथे पेशा होता. योद्धा मागे राहिला किंवा पुरोहिताने जखमींना मदत नाकारली, की शेरा खालावे. भित्रा योद्धा हे कथेच्या दृष्टीने किती सुंदर पात्र! नियमाने त्यालाच दिवाळखोर केले.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दुसरेच भांडण उभे राहिले. मन वळवणे, थाप मारणे, समोरच्याचा हेतू ओळखणे यांनाही आता आकडे लागले. दरवानाची समजूत घालायची तर संवाद बोलण्याची गरज काय, फासा टाकला की झाले. जुने खेळाडू हळहळले, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु तिची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. चार माणसांत तोंड उघडायला घाबरणारा, किंवा बोलताना अडखळणारा मुलगा वाक्‌पटू राजदूताचे सोंग घेऊ इच्छितो. तलवार उचलता न येणाऱ्या मुलाला योद्धा होण्यासाठी कोणी खरी तलवार पेलायला सांगत नाही. मग या मुलाकडून मात्र खरे वक्तृत्व का मागावे? ‘नियम नको, बोलून दाखवा’ हा आग्रह धरणारे बहुतेक वेळा स्वतः उत्तम बोलणारे असतात.

स्वभावालाच नियमात बसवण्याचे सर्वांत धाडसी काम केले ते ग्रेग स्टॅफर्ड यांनी, १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. प्रत्येक सरदाराच्या पानावर परस्परविरोधी गुणांच्या तेरा जोड्या: क्षमाशील आणि सूडबुद्धी, दयाळू आणि क्रूर, विनम्र आणि गर्विष्ठ. जोडीची बेरीज नेहमी वीस. एक वाढला की दुसरा तितकाच घटतो. समजा, सरदाराची सूडबुद्धी सोळा आहे आणि बापाचा मारेकरी समोर शरण आला आहे. खेळाडूच्या मनात क्षमा करायचे असले तरी वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो, आणि सोळा किंवा त्याखाली पडले तर सरदार सूडाकडेच ओढला जातो. पाचांत चार वेळा हेच घडणार. कृतींची नोंद वर्षभर होते आणि हिवाळ्यात, जणू हिशेबाची वही बंद करताना, गुण वाढतो की नाही ते फासा ठरवतो. गुण जितका मुरलेला, तितकी पुढची वाढ अवघड.

पात्रावरचा आपला हक्क गेला, अशी यावर काही खेळाडूंची तक्रार असते. ती समजण्यासारखी आहे, तरी पारडे स्टॅफर्ड यांच्याच बाजूला झुकते. आपण ठरवतो एक आणि हातून घडते भलतेच, हा अनुभव माणसाला नवा नाही. खेळात तो आणला तो फार थोड्यांनी.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने इतके कठोर होणे टाळले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला आदर्श, ऋणानुबंध आणि वैगुण्य लिहून घ्यायला सांगितले गेले. त्यांना अनुसरून, विशेषतः स्वतःची अडचण ओढवून घेऊनही खेळणाऱ्याला संचालक ‘इन्स्पिरेशन’ देई. त्याच्या बळावर एकदा दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येई. कल्पना चांगली, पण वाटप संचालकाच्या आठवणीवर सोपवलेले, आणि लढाईच्या धांदलीत ते राहून जाई. २०२४ च्या सुधारित नियमांत संचालकाचा हा अधिकार कायम आहे. मात्र पात्र मानववंशाचे असेल तर रात्रभराची पुरती विश्रांती झाली की तेच बक्षीस सकाळी आपोआप हाती पडते, सोंग कसेही वठलेले असो.