एसीची खरी किंमत: दुकानात जाण्यापूर्वी करायचा हिशेब

मे महिन्यात रायपूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि नवतप्याचे नऊ दिवस तर संपता संपत नाहीत. भनपुरीत पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोल्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्याच राहतात. उरला किंवा सिलतरा औद्योगिक क्षेत्रात रात्रपाळी करून आलेल्या माणसाला तर भर दुपारीच झोपावे लागते. अशा घरात एसी घेण्याचा विचार आला, तर त्याला कोणी चैन म्हणणार नाही.

मात्र पैसा मोजकाच असतो. मुलांची फी, घरभाडे आणि गावी पाठवायची रक्कम भागवून जे उरते, त्यातूनच एसी यायचा असतो. म्हणून घाईने निर्णय घेऊ नका. एसीची किंमत एकदा नाही, तीनदा मोजावी लागते: पहिल्यांदा दुकानात, मग दरवर्षीच्या वीजबिलात आणि हप्त्यावर घेतला तर व्याजात. दुकानातली पाटी यातली फक्त पहिली किंमत सांगते. उरलेल्या दोन आपल्यालाच काढाव्या लागतात. त्या कशा काढायच्या, ते पाहू.

आधी विचारा: एसीच हवा का?

एप्रिल-मे महिन्यांत रायपूरची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. जूनच्या मध्यानंतर हवेत दमटपणा आला की हाच कूलर नुसता ओला वारा फेकू लागतो.

खर्चाची तुलना करून पाहा. समजा कूलर २०० वॅटचा आहे आणि रोज ८ तास चालतो. दिवसाला १.६ युनिट वीज लागते. युनिटचा दर ६ रुपये धरला, तर ७५ दिवसांचे ७२० रुपये होतात. दीड टनाचा एसी कडक उन्हाळ्यात तासाला साधारण एक युनिट खातो असे धरा. तेवढ्याच तासांचे ३,६०० रुपये होतात. म्हणजे वीजखर्च पाचपट.

घरात आजारी माणूस, तान्हे बाळ किंवा वृद्ध नसतील, खिडकी उघडी ठेवता येत असेल आणि पाण्याची टंचाई नसेल, तर या वर्षी कूलर आणि पुढच्या वर्षी एसी असा क्रम लावायला हरकत नाही. छताला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग लावणे आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावणे, ही कामे मात्र दोन्ही बाबतीत आधी करावीत. खोली कमी तापली, तर लहान यंत्र पुरते.

यंत्राचे प्रकार: एका पेटीतले आणि दोन पेट्यांचे

विंडो एसीत सगळे भाग एकाच पेटीत असतात. तो खिडकीत किंवा भिंतीतल्या चौकटीत बसतो. तांब्याची नळी लांबवर न्यावी लागत नाही, त्यामुळे बसवणावळ कमी येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तो सोयीचा, कारण घर बदलताना पेटी काढून नेता येते. आवाज मात्र जास्त होतो आणि जागाही योग्य लागते.

स्प्लिट एसीचा एक भाग आत आणि एक बाहेर असतो. आवाज कमी होतो आणि मॉडेलेही पुष्कळ मिळतात. पण बसवणे, नळी, बाहेरचा स्टँड आणि घर बदलताना पुन्हा काढणे-बसवणे-गॅस भरणे, या सगळ्याचे पैसे वेगळे पडतात. दुकानदाराला विचारताना ‘बसवून, चालू करून एकूण किती?’ असे विचारा आणि आकडा लिहून घ्या.

चाकांवरचा पोर्टेबल एसी सोपा वाटतो, पण एकाच नळीचा असेल तर तो खोलीतलीच हवा बाहेर टाकतो. तिच्या जागी फटींमधून बाहेरची गरम हवा आत येते. टेबलावर ठेवायचे ‘मिनी एसी’ म्हणून हजार-दोन हजारांत विकले जाणारे डबे म्हणजे बहुतेक वेळा पाण्याचा छोटा पंखा असतो. त्यात पैसे घालवू नका.

खोली १०×१२ फुटांची आणि वर दुसरा मजला असेल, तर साधारणपणे एक टन पुरतो. खोली मोठी असेल किंवा छत थेट उन्हात असेल, तर दीड टन लागतो. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे, तर थंड करण्याची क्षमता.

थंडीसाठी ‘हॉट अँड कोल्ड’ घ्यावा का?

काही यंत्रे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देतात. दुकानात हे वैशिष्ट्य आकर्षक वाटते. तंत्रही चांगले आहे: असे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणते, त्यामुळे साध्या हीटरइतकी ऊब साधारण एक तृतीयांश विजेत मिळते.

पण रायपूरला ऊब किती दिवस लागते? डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्रींपुरती. समजा एक किलोवॅटचा हीटर ३० रात्री रोज २ तास लावला. ६० युनिट, म्हणजे ३६० रुपये. तेच काम हॉट अँड कोल्ड यंत्र २० युनिटांत, १२० रुपयांत करील. वर्षाची बचत २४० रुपये. त्यासाठी ५,००० रुपये जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तेवढा काळ यंत्रच टिकणार नाही.

अंबिकापूर किंवा मैनपाटकडे, जिथे थंडी लांबते आणि बोचते, तिथे हा हिशेब वेगळा येईल. भनपुरीत मात्र एक चांगली रजई पुरते. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात.

तीन स्टार की पाच स्टार?

प्रत्येक एसीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे स्टार लेबल असते. त्यावर तीन गोष्टी पाहा.

१. लेबलचे वर्ष. निकष वेळोवेळी कडक होतात. जुन्या लेबलवरचे पाच स्टार आणि नव्या लेबलवरचे पाच स्टार सारखे नसतात. जुना माल सवलतीत देऊ केला, तर हे आधी तपासा.

२. वर्षभरात लागणारी वीज, युनिटांत. ही १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असते. स्टार मोजण्यापेक्षा हा आकडा जास्त उपयोगी.

३. थंड करण्याची क्षमता. एकाच क्षमतेच्या दोन यंत्रांचीच तुलना करा.

आता आपला हिशेब. समजा दीड टनाच्या तीन स्टार यंत्रावर ९६० युनिट लिहिले आहे आणि पाच स्टारवर ७६०. फरक २०० युनिटांचा, तोही १,६०० तासांत. म्हणजे आठ तासांमागे एक युनिट. दोघांच्या किमतीत ८,००० रुपयांचा फरक आहे.

*पहिले घर.* फक्त रात्री, रोज ६ तास, ७५ दिवस. एकूण ४५० तास. बचत साधारण ५६ युनिट, म्हणजे वर्षाला ३३६ रुपये. आठ हजार वसूल व्हायला तेवीस वर्षांहून जास्त. या घराने तीन स्टारच घ्यावा.

*दुसरे घर.* कर्ता रात्रपाळीला, दिवसा झोपणारा. वृद्ध आईही घरात. रोज १० तास, १२० दिवस. एकूण १,२०० तास. बचत १५० युनिट, म्हणजे ९०० रुपये. वसुली जवळजवळ नऊ वर्षांत. किमतीतला फरक ५,००० रुपयांवर आला, तर साडेपाच वर्षांत. या घराने पाच स्टारचा विचार जरूर करावा.

लेबलवरचा आकडा ठरलेल्या चाचणीतला असतो. ४४ अंशांत दोन्ही यंत्रे त्याहून जास्त वीज घेतात. तरीही कोणते घ्यावे हे ठरवायला ही रीत पुरेशी आहे. आपले तास, आपला दर आणि दुकानातला फरक घालून हाच हिशेब कागदावर मांडा.

वीजबिलाचा टप्पा

घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. एसीचे युनिट आपल्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. छत्तीसगढमध्ये २०१९ पासून हाफ बिजली बिल योजना आहे, पण तिच्यातील युनिटांची मर्यादा नंतर बदलली आहे. आपले मागचे तीन महिन्यांचे बिल काढा. सध्या किती युनिट होतात, सवलत किती युनिटांपर्यंत मिळते आणि एसीमुळे आपण ती मर्यादा ओलांडू का, हे पाहा.

बिलावर मंजूर भारही लिहिलेला असतो. तो कमी असेल, तर वाढवून घ्यावा लागतो. जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य एमसीबी आणि अर्थिंग यांचा खर्च आधीच धरा. भाडेकरूंनी मीटर आणि वायरिंगबद्दल घरमालकाशी बोलूनच खरेदी करावी.

वापरतानाही बचत होते. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतील असा नियम आहे. तापमान एक अंश वर ठेवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगते. २६ अंश आणि जोडीला पंखा, ही जोडी बहुतेक घरांना पुरते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. कारखान्यांच्या धुळीत तर हे चुकवूच नका.

पैसे कसे उभे करावेत?

समजा यंत्र, बसवणावळ आणि स्टॅबिलायझर मिळून ३६,००० रुपये लागतात.

*हप्त्याने.* विक्रेता म्हणतो, ‘फक्त १२ टक्के, बारा महिने.’ हा सपाट दर असेल, तर व्याज पूर्ण ३६,००० वर वर्षभर लागते, म्हणजे ४,३२० रुपये. हप्ता ३,३६० रुपयांचा. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते. ते लक्षात घेतले तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

*आवर्ती ठेवीने.* जूनपासून दरमहा ४,००० रुपये नऊ महिने भरले. मार्चमध्ये ३६,००० हाती येतात. सहा टक्के दर धरला, तर वर सुमारे ९०० रुपये व्याज. मार्चमध्ये दुकानात गर्दीही कमी असते.

दोन्हींतला फरक ५,२०० रुपयांच्या घरात जातो. एवढ्यात एक साधा कूलर येतो.

‘झिरो कॉस्ट’ म्हणजे व्याज नाही, असे समजू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज कुठेतरी असतेच: प्रक्रिया शुल्कात किंवा रोख खरेदीवर मिळणारी सूट न देण्यात. म्हणून दुकानदाराला आधी रोखीची किंमत विचारा, मग हप्त्याची बेरीज करा. दोन्हींतला फरक हेच व्याज.

तातडीची गरज असेल आणि कर्ज घ्यावेच लागले, तर सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरण मागा. कर्ज देणाऱ्याने ते देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर, हप्ता आणि एकूण परतफेड लिहिलेली असते. अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम किंवा मुदत ठेव एसीसाठी मोडू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे. करापूर्वी ३०,००० किमतीचे यंत्र आधी ३८,४०० ला पडत होते, आता ३५,४०० ला पडायला हवे. बिल पक्के घ्या आणि त्यावर कराचा दर पाहा. वॉरंटीचा दावा करतानाही हेच बिल लागते.

दुकानात जाण्यापूर्वी लिहून न्या

- खोलीची लांबी-रुंदी. छत उन्हात आहे का
- रोज किती तास, वर्षात किती दिवस
- मागच्या बिलातील युनिट, दर आणि मंजूर भार
- बसवणावळीसह एकूण रोख किंमत
- दोन यंत्रांच्या लेबलवरचे वार्षिक युनिट
- कॉम्प्रेसरची आणि संपूर्ण यंत्राची वॉरंटी, वेगवेगळी
- जवळचे सेवा केंद्र कुठे आहे

हा कागद हातात असला की विक्रेत्याच्या ‘आजच घ्या, उद्या भाव वाढेल’ या बोलण्याचा दाब राहत नाही. घरातल्या माणसाला शांत झोप मिळावी, यासाठीच एसी घ्यायचा आहे. हप्त्याच्या चिंतेने तीच झोप उडणार नाही, एवढे सही करण्यापूर्वी पाहा.