कलम घ्यायचं, तर मूळ पाहून!

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की मोझरीचं गुरुकुंज मागे पडतं आणि आमचं तिवसा लागतं. कपाशी, तूर, सोयाबीन आणि जिथे विहिरीला पाणी तिथे संत्रा. आपल्या होस्टेलवर अशा घरची पोरं खूप आहेत. पावसाळा आला की घरून फोन येतो, "कलमा आणायच्या आहेत, रविवारी ये." मग आपण जातो, टेम्पोत कलमा भरतो आणि परत येतो. पण कलम घेताना नेमकं पाहायचं काय, हे किती जणांना सांगता येईल? मलाही येत नव्हतं. आमच्या घरी त्याची किंमत मोजून झाल्यावर मी ते शिकलो.

त्या वर्षी कलमा दिसायला झकास होत्या. उंच, हिरव्यागार आणि भावानेही स्वस्त. कोणाकडून घेतल्या ते सोडा. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, शेंडे वाळले, बुंध्यातून डिंक गळू लागला. चौथ्या वर्षी बाबांनी झाडं उपटली, तर मुळं काळी. बाबा एवढंच म्हणाले, "लोकं झाड वरून पायतात, मुळं कोनी पायत नाई."

एका झाडात दोन झाडं

संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडांची जोडणी. खालचा भाग खुंट, तो आपल्याकडे बहुधा जंभेरीचा असतो. वरचा भाग नागपुरी संत्र्याचा. जंभेरीचं बी वाफ्यात टाकतात, रोपं वाढवतात आणि खोड पेन्सिलीएवढं झालं की सालीत चीर देऊन संत्र्याचा एक डोळा बसवतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटतात. आपल्या भाषेत सांगायचं तर खुंट हे फाउंडेशन आणि संत्रा हे वरचं स्ट्रक्चर. फळ वरचं, पण पाणी ओढणं, रोगाला तोंड देणं, उभं राहणं हे सगळं काम फाउंडेशनचं.

वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट या कलमांसाठी महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर डोळा बांधताना पाहणं हा एक प्रॅक्टिकलच आहे. मात्र मोकळ्या जमिनीतल्या वाफ्यातून उपटलेलं कलम माती झटकून येतं आणि त्याच जमिनीत रोग असला तर तोही मुळांसोबत फुकट येतो.

खरा शत्रू

या रोगाचं नाव फायटोप्थोरा. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून पाणी साचलं की तो पसरतो. मुळं कुजतात, मग बुंध्यावर डिंक्या येतो. याच्याच एका भावाने 1845 पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक बुडवलं आणि देशभर दुष्काळ पडला. आपल्या काळ्या चिकण मातीत पाणी लवकर निचरत नाही, त्यामुळे इथे त्याचं चांगलंच फावतं.

घेताना काय पाहायचं?

1. मुळं. एक-दोन कलमांची बारीक मुळं चिमटीत धरून ओढा. साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा राहिला, तर मूळ सडलेलं आहे. पांढरट, भरपूर तंतुमुळं असलेलं कलमच घ्या.

2. डोळ्याची उंची. डोळा जमिनीपासून साधारण 9 इंचांवर बांधलेला असावा. खाली बांधला असेल तर मातीतला रोग थेट संत्र्याच्या सालीला लागतो. जोड सपाट, पक्का हवा.

3. उंचीला भुलू नका. दोन फुटांचं, सरळ, पेन्सिलीएवढ्या जाडीचं कलम पुरे.

4. खुंट कोणता ते विचारा. जंभेरी जोमाने वाढते. पाण्याचा ताण आणि मूळकूज यांना रंगपूर लाइम त्या मानाने जास्त टिकतो.

5. परवाना आणि पावती. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात 1969 चा कायदा आहे, परवाना लागतो. पावती नसेल तर पाच वर्षांनी भांडणार कोणाशी?

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक मातीत, पिशवीत वाढवलेल्या कलमांचा मार्ग दाखवला. अशी कलमं महाग पडतात, नंबरही आधी लावावा लागतो. पण हिशोब करा. 6 बाय 6 मीटरवर एकरी साधारण 112 झाडं बसतात. कलमाच्या भावातला फरक 112 ने गुणा आणि पाच वर्षांची मेहनत, पाणी, खत याच्याशी ताडून पाहा.

लावताना

खड्डे उन्हाळ्यातच खोदा, अडीच फूट लांब, रुंद आणि खोल. ऊन खाऊ द्या. मग वरची माती आणि कुजलेलं शेणखत यांनी भरा. मातीत चुनखडी जास्त असेल किंवा पाणी साचत असेल, तर तिथे संत्रा लावूच नका. म्हणून माती परीक्षण आधी, कलमा नंतर.

आणताना मुळं ओल्या पोत्यात गुंडाळा. टेम्पोच्या वाऱ्यात तंतुमुळं तासा-दोन तासांत वाळतात. लावण्याआधी मुळं मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेबच्या द्रावणात 10 ते 15 मिनिटं बुडवा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ दिवस पाहून संध्याकाळी लावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, डोळ्याचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. मजूर घाईत माती चढवतात आणि 9 इंचांची सगळी राखण एका फावड्यात जाते.

पाणी देताना दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही. झाड मोठं झालं की पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा. त्याचं प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. डोळ्याच्या खालून काटेरी फूट आली तर ती जंभेरीची. ती लगेच काढा, नाहीतर संत्र्याऐवजी जंभेरीचीच बाग होईल!

आमची नवी झाडं आता दुसऱ्या वर्षात आहेत. या वेळी बाबांनी प्रत्येक कलमाचं मूळ स्वतः पाहिलं. दुकानदार वैतागला, टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला, तरी ते हलले नाहीत. वर्कशॉपमध्ये आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, असं आपल्याला शिकवतात. मित्रांनो, पुढच्या रविवारी घरून फोन आला तर हेच तिथेही करा. नुसते टेम्पो भरायला जाऊ नका, मुळं पाहायला जा.