नळीचा धातू आणि नळीतला थर

शहागडचा गोदाकाठ उसाचा. जवळच अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की गव्हाणीत पडणारी मोळी सगळ्यांना दिसते, पण वाफेचा खरा हिशेब लागतो बॉयलिंग हाऊसमध्ये. शुद्ध केलेल्या रसात विरघळलेले पदार्थ साधारण 15 टक्के असतात. ते 60 टक्क्यांवर न्यायचे, तर 100 किलो रसातलं 75 किलो पाणी उडवावं लागतं. दिवसाला 2,500 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात हे पाणी 1,900 टनांच्या आसपास भरतं. त्यासाठी लागणारी सारी उष्णता नळ्यांच्या पातळ भिंतीतून रसात जाते. या भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाला हीटिंग सरफेस म्हणतात, आणि त्याबद्दल काही समज फार घट्ट बसले आहेत.

सर्वांत जुना समज धातूचा. तांबं स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट उष्णता वाहून नेतं, मग तांब्याच्या नळ्या घातल्या की काम झालं, असं वाटतं. हिशेब वेगळं सांगतो. रस तापवणाऱ्या हीटरमध्ये उष्णतेच्या वाटेत जो एकूण अडथळा असतो, त्यात सव्वा मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या भिंतीचा वाटा सात-आठ टक्केच. बाकीचा बहुतेक अडथळा भिंतीला चिकटून संथ वाहणाऱ्या रसाच्या पापुद्र्यात आणि नळीत साचणाऱ्या थरात, म्हणजे स्केलमध्ये असतो. अर्धा मिलिमीटर स्केल साधारण आठ मिलिमीटर स्टीलइतकं अडवतं. स्वच्छ असताना उत्तम चालणारा हीटर एवढ्या थराने एक तृतीयांश क्षमता गमावतो. म्हणून नळी निवडताना ती गंजणार नाही ना आणि कॉस्टिक सोडा, ब्रश व कटरने वारंवार साफ करता येईल ना, हे आधी पाहायला हवं. स्टील टिकून आहे ते याच बळावर.

क्षेत्रफळ वाढवलं की उष्णता वाढलीच, हेही अर्धंच खरं. त्याच पंपावर जास्त नळ्या समांतर जोडल्या, तर प्रत्येक नळीतला रस हळू वाहतो, पापुद्रा जाड होतो आणि स्केल लवकर धरतं. रसाचा वेग दुप्पट केला, तर रसाच्या बाजूचं उष्णतावहन पावणेदोन पटीच्या जवळ जातं. मात्र दाबातली घट साडेतीन-चार पट होते, म्हणजे पंपाची वीज वाढते. सेकंदाला दीड ते दोन मीटर वेग ठेवतात तो ही ओढाताण सांभाळायला. मला तर डिझायनरचं खरं कौशल्य चौरस मीटरच्या आकड्यापेक्षा हा वेग ठरवण्यात दिसतं.

तिसरा समज जाणकारांनाही चकवतो: रस आटवणारी नळ्यांची बंद भांडी, म्हणजे बॉडी, वाढवल्या की बाष्पीभवन वाढतं. एका बॉडीतली वाफ पुढच्या बॉडीला तापवते, ही मांडणी नॉर्बर्ट रिलियो यांनी अमेरिकेतल्या लुइझियानात साकारली. त्यांची पेटंटं 1843 आणि 1846 ची. चार बॉडींच्या संचात एक किलो वाफ ढोबळमानाने चार किलो पाणी उडवते. बचत होते ती वाफेची. पहिल्या बॉडीची वाफ आणि शेवटच्या बॉडीचा व्हॅक्यूम तेच राहिले, तर तापमानाचा एकूण फरकही तोच राहतो आणि चौघींत वाटला जातो. त्यामुळे चारपट हीटिंग सरफेस घालूनही एकूण पाणी जवळपास एकाच बॉडीइतकं उडतं. उलट रस दाट होईल तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि उपयोगी फरक आणखी घटतो.

नळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या असाव्यात, हेही चूक. उभ्या नळ्यांच्या नेहमीच्या बॉडीत रसाची पातळी नळीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर असली, की उकळता रस वरपर्यंत चढत भिंत ओली ठेवतो. पातळी वाढवली, की तळाचा रस वरच्या रसाच्या वजनाखाली दबतो आणि उशिरा उकळतो.

नळीबाहेरही पाहायला हवं. वाफेबरोबर आलेली हवा आणि इतर द्रवरूप न होणारे वायू कॅलेंड्रियाच्या, म्हणजे नळ्यांभोवतीच्या वाफेच्या कप्प्याच्या, कोपऱ्यात साठले, तर तिथल्या नळ्यांपर्यंत वाफ नीट पोचत नाही. नवी बॉडी मागवण्याआधी हे वायू बाहेर काढणारे पाइप कुठे जोडलेत आणि त्यांचे व्हॉल्व किती उघडे आहेत, ते तपासावं.