ब्रह्मकमळ फुलत नाही? लाड थोडे कमी करा

कुंडी पानांनी गच्च भरली, तीन पावसाळे गेले, पण कळीचा पत्ता नाही. ब्रह्मकमळाची ही तक्रार पुलगावकडच्या अंगणांत नवी नाही. मग कोणीतरी बोलून जाते की, ज्याच्या घरी पुण्याई त्याच्याच घरी हे फूल उमलते. नव्या सुनेच्या कानी हे पडले, की तिला ते झाडच डोळ्यांसमोर नकोसे होते. भगिनींनो, पुण्याईचा इथे काही संबंध नाही. निरोगी झाड फुलत नसेल, तर बहुधा त्याला सावली, पाणी आणि खत जरुरीपेक्षा जास्त मिळत असते.

आधी झाड ओळखून घ्या. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ, जे उत्तराखंडाचे राज्यफूल आहे, ते आपल्या करडईच्या कुळातले. ते थंड डोंगरमाथ्यावरच वाढते. आपल्या कुंडीतला आहे तो मेक्सिकोकडून आलेला निवडुंग, बांधावरच्या फड्या निवडुंगाचा भाऊबंद. थंड देशांत नाताळाच्या सुमारास घराघरांत फुलणारा निवडुंगही याच गोतावळ्यातला. पण हा फड्यासारखा उघड्या माळावर राहत नाही. मूळच्या रानात तो मोठ्या झाडाच्या बेचक्यात, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळे रोवून जगतो. फांद्यांतून गाळून येणारे ऊन, पावसाची ओल आणि पाण्याचा लगेच निचरा, ही त्याची सवय.

म्हणून नुसती काळी माती कुंडीत भरू नये. कपाशीला ती मानवते, या झाडाची मात्र मुळे तीत कुजतात. थोडी माती, तेवढीच जाड रेती, कुजलेला पालापाचोळा आणि जुने शेणखत मिसळावे. तळाशी विटेचे तुकडे घालावेत. फुटका माठ असेल तर तोही चालतो. कुंडी फार मोठी नको. मुळे जरा दाटीत असली की झाड कळ्या धरते. युरिया तर मुळीच नको, त्याने नुसती पाने माजतात. जूनमध्ये मूठभर जुने शेणखत पुरे.

जागेला फार महत्त्व आहे. ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झाड हिरवे राहील, फुलणार नाही. सकाळचे नऊ-दहापर्यंतचे ऊन लागेल अशी पूर्वेची भिंत उत्तम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा कुंडी कडुनिंबाखाली न्यावी, टिनाच्या छपराखाली ठेवू नये. पाने पिवळी-पांढरी पडून करपू लागली, तर ऊन जास्त होते आहे असे समजा. पाणी संध्याकाळी द्यावे, तेही वरची माती सुकल्यावर. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी नको, त्यात क्षार साचलेले असतात. हिवाळ्यात तर आठवड्यातून एकदा थोडेसे पाणी दिले तरी भागते.

पावसाळा लागला की पानाच्या कडेच्या खाचेतून लहानसे टोक निघते. तीच कळी. आता कुंडी हलवू नका, फिरवू नका, कौतुकाने घरातही आणू नका. जागा बदलली किंवा माती कोरडी ठणठणीत झाली की कळ्या गळतात. उमलायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. लोंबती कळी वर मान वळवून फुगली, की रात्र जवळ आली समजा. अंधार पडल्यावर फूल उघडू लागते, मध्यरात्री पूर्ण उमलते आणि उजाडता उजाडता मान टाकते. शेजारणींना बोलवायचे तर त्याच रात्री.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पुसून काढावा. कपाशीवरचे औषध घरात, लेकराबाळांत हरगिज फवारू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरण्यासारखे नाही.

नवे झाड विकत घ्यायची गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडी वीतभर जून पान कापावे, पाच-सहा दिवस सावलीत सुकू द्यावे आणि रेतीमिश्रित मातीत दोन बोटे खोल खोचावे. खोचताना पानाचे खालचे टोक खालीच राहू द्या. या पानाला फूल यायला दोन-तीन वर्षे लागतील.