जुन्या ग्रामोफोनची दुरुस्ती

चावीचा जुना ग्रामोफोन हातीं आला, कीं संग्राहकाचा पहिला उत्साह पेटी घासूनपुसून लखलखीत करण्याकडे धांवतो. ही हौस मुंबईच्या चोरबाजारांत केव्हांच ओळखली गेली आहे. नव्या पेटीवर नवा पितळी कर्णा बसवावा, आंत मोडक्या यंत्राची मोटार घालावी, आणि तें शतकापूर्वीचें म्हणून विकावें, या उद्योगाची कीर्ति परदेशांतही पोंचली आहे. त्यापेक्षां १९३१ सालीं निघालेली, बॅगेसारखी मिटणारी एच्. एम्. व्ही.ची १०२ क्रमांकाची पेटी दिसावयास साधी, पण अस्सल.

चावी दिली म्हणजे डब्यांतील पोलादी कमान गुंडाळली जाते व ती उलगडतांना थाळी फिरते. तिचा वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांवर राखण्याचें काम गव्हर्नर करतो. कमानीचें वंगण कालांतरानें डांबरासारखें होतें आणि यंत्र धक्के देऊं लागतें. वंगण बदलावें हें खरें. मात्र कमान डब्याबाहेर काढणें हें हौशी माणसाचें काम नव्हे. ती उसळली तर हात फाडते.

खरी मेख साउंड-बॉक्समध्यें आहे. तबकडीच्या खांचेंतील कंपनें सुईवाटे एका पातळ पडद्याला पोंचतात. पूर्वी तो अभ्रकाचा असे, पुढें अॅल्युमिनियमचा झाला. त्याला धरणाऱ्या रबरी कड्या जुन्या झाल्या, कीं लाकडासारख्या टणक होतात. मग पडदा मोकळेपणानें हलत नाहीं, आणि ताठरलेली सुई खांचेच्या भिंती खरवडीत जाते. आवाज कर्कश आला, तर ऐकणारा यंत्राला दोष देतो. झीज मात्र तबकडीची होत असते, आणि ती कोणत्याही कारागिराला भरून काढतां येत नाहीं. कड्या बदलणें हा त्या मानानें क्षुल्लक खर्च.

सुईचेंही तसेंच. लाखेच्या तबकडींत दगडाची पूड मिसळलेली असते; ती सुईचें टोंक घासून काढते. म्हणून पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरावी. तबकडी स्पिरिटनें पुसूं नये, लाख विरघळते.

इतकें करूनही साउंड-बॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिकच असतो. विजेवरील आधुनिक यंत्राच्या सुईचा अवघा दोन-चार ग्रॅम. फ्रेड गैसबर्ग यांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें. त्या काळच्या तबकड्या आतां दुर्मिळ आहेत. अशी एखादी मिळाली, तर ती चावीच्या यंत्रावर मुळींच लावूं नये. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठीं केलेली रुंद टोंकाची सुई लावून ती विजेच्या यंत्रावर वाजवावी व तिचें गाणें प्रथम संगणकावर उतरवून घ्यावें. चावीच्या यंत्रासाठीं चित्रपटगीतांच्या सामान्य तबकड्या पुष्कळ मिळतात.